परदेशी मदतीने वांशिक भांडणे थांबतात का? श्रीलंकेच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी मदतीवर बोलणे निघाले की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, गरीब देशांना पैसा द्या, भांडणे आपोआप मिटतील. दुसरा म्हणतो, सगळा पैसा पुढाऱ्यांच्या खिशात जातो, कशाला द्यायचा? दोन्ही सूर लावणाऱ्यांना मी श्रीलंकेतला एक कालवा दाखवतो. पुढचे बहुतेक प्रश्न त्या कालव्यावर बोलताना लोकांनी विचारलेलेच आहेत.

परदेशी मदत म्हणजे फुकटचा पैसा का?

थोडा फुकटचा, बराचसा नाही. काही रक्कम अनुदान म्हणून येते, काही कमी व्याजाच्या लांब मुदतीच्या कर्जातून आणि काही तज्ज्ञांच्या पगारावरच संपते. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम मदत म्हणून द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरले. आजवर ते मोजक्याच देशांनी पाळले. शिवाय ज्याचा पैसा, त्याचाच ठेकेदार आणि त्याचीच यंत्रे, हा व्यवहार धरणांच्या कामात तर फार चालला. त्यामुळे 'अमुक कोटींची मदत' ही बातमी वाचली की त्यातले किती त्या देशात पोचले आणि किती फिरून घरी गेले, हे विचारावे.

गरिबी गेली की दंगे थांबतात, हे तर खरे ना?

श्रीलंकेकडे बघून तसे म्हणवत नाही. स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे हा देश दक्षिण आशियात कौतुकाचा विषय होता. रेशनवर स्वस्त तांदूळ, फुकट शिक्षण, फुकट दवाखाने आणि गावोगावी शिकलेल्या बायका. साक्षरतेत आणि आयुर्मानात तो भारताच्या कितीतरी पुढे होता. आणि त्याच देशात १९८३ ते २००९ अशी २६ वर्षे सिंहली बहुसंख्य सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात लढाई चालली.

गरिबीपेक्षा 'कोणाला मिळते आणि कोणाला नाही' हा हिशेब जास्त पेटतो. उत्तर टोकाच्या जाफनाकडची जमीन कोरडी, शेती विहिरीवरची. तिथल्या तमिळ घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या शिक्षणाकडेच शेत म्हणून पाहिले. शिकायचे आणि सरकारी नोकरी धरायची. १९५६ मध्ये 'फक्त सिंहली' हा राजभाषेचा कायदा आला आणि नोकरीची वाट अरुंद झाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ प्रवेशाचे गुण भाषेनुसार कमीजास्त करण्याची पद्धत आली. आता पोराला परीक्षेतही जास्त गुण लागणार होते. या घरांची चूल बंद पडली नव्हती, पुढचा रस्ता बंद झाला होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते ८९ या काळात बंड करून उठलेली पोरे सिंहली होती. शिकलेली, खेड्यातली आणि बेकार. म्हणजे पदवी आहे पण काम नाही, हा राग दोन्ही बाजूंना होता. त्याला वंशाची दिशा देणारे पुढारीही दोन्ही बाजूंना भेटले.

मदतीमुळे भांडण वाढते, असे कसे होईल?

धरण बांधले की पाणी येते. पाणी आले की जमिनीला भाव येतो. भाव आला की जमीन कोणाला द्यायची, हा प्रश्न येतो. पहिल्या दोन गोष्टींना परदेशी पैसा मिळतो. तिसरी गोष्ट 'देशांतर्गत बाब' म्हणून सोडून दिली जाते.

महावेली हे श्रीलंकेतले सगळ्यात मोठे नदी-प्रकल्पाचे काम. मूळ आराखडा ३० वर्षांचा होता. १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या जयवर्धने सरकारने मुख्य कामे सहा वर्षांत उरकायचे ठरवले आणि जगभरातून पैसा आला. व्हिक्टोरिया धरण ब्रिटनच्या पैशाने, कोत्मळे स्वीडनच्या, रांदेणिगल पश्चिम जर्मनीच्या, मादुरु ओया कॅनडाच्या. प्रत्येक देशाला आपले नाव लावायला एक भिंत मिळाली.

त्या भिंतींखाली जमिनी वाटल्या गेल्या. नवे वसाहतकरी बहुतांशी सिंहली होते, आणि कोरडवाहू पट्ट्यातल्या या वसाहती तमिळ बहुसंख्य असलेल्या उत्तर-पूर्वेच्या दिशेने सरकत गेल्या. सरकारचे म्हणणे, लोकसंख्येच्या प्रमाणात सगळ्यांना जमीन, यात अन्याय कुठला? तमिळ पक्षांचे म्हणणे, आमच्या जिल्ह्यात देशाचे प्रमाण लावले तर आम्ही आमच्याच घरात अल्पसंख्य होऊ. मणल आरू या तमिळ नावाच्या भागाचे पुढे सिंहलीत वेलि ओया झाले. दोन्ही नावांचा अर्थ एकच, वाळूची नदी. लोकांनी मात्र नावातला बदलच वाचला.

हा वाद महावेलीने सुरू केला असेही नाही. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात करार झाला, त्यातही वसाहतींत जमीन कोणाला द्यायची हा मुद्दा होताच. तो करार वर्षभरात मोडीत निघाला. देणगीदारांना इतिहास ठाऊक नव्हता, असे म्हणायला म्हणूनच जागा नाही.

मग त्यांना दिसले कसे नाही?

दिसले असणार. पण धरणाच्या फायलीत घनमीटर, मेगावॅट आणि एकर असतात. 'लाभार्थी' हा शब्द असतो, तो कोणती भाषा बोलतो याचा रकाना नसतो. परदेशी अधिकारी तीन-चार वर्षांत बदलून जातो आणि त्याचे यश पैसा वेळेत खर्च झाला की नाही यावर मोजले जाते. मार्चअखेरची धावपळ ज्यांनी आपल्याकडच्या कार्यालयांत पाहिली आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

मदतीने भांडण कमी झाले, असे एक तरी उदाहरण आहे का?

आहे, आणि तेही त्याच देशात, त्याच काळात, पाण्यावरच. हाच तो सुरुवातीला म्हटलेला कालवा.

गल ओया ही पूर्व किनाऱ्याकडे उतरणारी नदी. इंगिनियागला इथे १९४९ नंतर तिच्यावर धरण झाले आणि सेनानायक समुद्र नावाचा जलाशय तयार झाला. तिकडे मोठ्या तलावाला समुद्रच म्हणतात. वरच्या अंगाला सिंहली शेतकरी वसवले गेले. खाली, किनाऱ्याच्या बाजूला, तमिळ बोलणारे शेतकरी आधीपासून होते. म्हणजे हेडला सिंहली, टेलला तमिळ. जून १९५६ मध्ये, भाषेचा कायदा झाला त्याच दिवसांत, याच खोऱ्यात तमिळांवर हल्ले झाले आणि माणसे मारली गेली. स्वतंत्र श्रीलंकेतला हा पहिला मोठा वांशिक हिंसाचार.

१९८०च्या आसपास अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेने डाव्या कालव्याच्या दुरुस्तीला पैसा दिला. कालव्याची स्थिती आपल्याकडच्या माणसाने न बघताही सांगावी अशी होती. बहुतेक गेट मोडलेले. चाऱ्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे पाट, वर्षानुवर्षे न काढलेल्या, गाळाने आणि गवताने भरलेल्या. वरचा शेतकरी रात्री दार उघडून शेतात तळे करून ठेवी, कारण पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. आणि खालच्याकडे ओलही पोचत नसे. पाटबंधारे खात्याचे साहेब शेतकऱ्यांना चोर म्हणत, शेतकरी साहेबांना चोर म्हणत.

या प्रकल्पात एक वेगळे कलम होते: शेतकऱ्यांची संघटना बांधणे. श्रीलंकेची कृषी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि अमेरिकेतले कॉर्नेल विद्यापीठ, तिथले प्राध्यापक नॉर्मन अपहॉफ यांच्यासह, या कामात होते. १९८१ मध्ये ३२ तरुण पदवीधर गावांत राहायला पाठवले गेले. त्यांच्याकडे ना अनुदान, ना सिमेंट, ना शिक्का. काम एवढेच की घराघरांत बसायचे, ऐकायचे आणि एका चारीवरच्या दहा-वीस शेतकऱ्यांना एकत्र बोलायला लावायचे.

आता जवळून बघा. चारीवरच्या लोकांनी आपल्यातला एक प्रतिनिधी निवडायचा, पण मतदान घ्यायचे नाही. सगळ्यांना चालेल असा माणूस मिळेपर्यंत बोलत राहायचे. मतदान घेतले की पक्ष शिरतो, हे त्यांना कळत होते. मला तर हा नियम त्या साऱ्या प्रकल्पातला सगळ्यात शहाणा वाटतो. प्रतिनिधीला मानधन नाही. आधी काम करायचे, मग नियम लिहायचे, नोंदणी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमके उलटे असते: आधी संस्थेची नोंदणी, मग फलक, मग उद्घाटन, आणि पाणी?

त्या वर्षी धरणात पाणी फार कमी होते. पहिले काम निघाले चाऱ्या साफ करण्याचे. त्याला ते लोक श्रमदानच म्हणतात. शब्द तोच, अर्थही तोच. मग पाळीपाळीने पाणी घेणे सुरू झाले, आणि त्यानंतर काही वरच्या गटांनी आपल्या पाळीतले वाचवलेले पाणी खाली सोडायला सुरुवात केली. खाली कोण होते, हे वर लिहिलेच आहे. हे थोड्या आठवड्यांत घडले, दंगलींच्या दशकात.

याहून मोठी परीक्षा १९९७ मध्ये झाली. तोवर परदेशी पैसा संपून दहा-बारा वर्षे झाली होती आणि देशात युद्ध भरात होते. यला म्हणजे उन्हाळी हंगामात धरणात पाणी कमी असल्याने भाताला पुरेल एवढे पाणी नाही, असे अभियंत्यांनी सांगितले. शेतकऱ्यांनी आपसात ठरवून पाणी काटकसरीने फिरवले, सुमारे ६५ हजार एकरांवर भात घेतला आणि पीक सरासरीपेक्षा बरे आले. पाणी वरच्या सिंहली आणि खालच्या तमिळ शेतांना सारखेपणाने पोचले होते.

मग युद्ध का थांबले नाही?

कारण युद्ध कालव्यावर सुरू झाले नव्हते. जुलै १९८३ मध्ये जाफनात १३ सैनिक मारले गेले आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची घरे-दुकाने जाळली गेली. जाळणाऱ्यांच्या हातात मतदारयाद्या असल्याचे तेव्हाच बोलले गेले. चारीवरच्या वीस शेतकऱ्यांचे शहाणपण राजधानीतल्या सत्तेला बांधून ठेवू शकत नाही. मदतीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. पण सत्ता कोलंबोत असतानाही त्या खोऱ्यात रोज भेटण्याचे एक कारण शिल्लक राहिले, हे कमी मोलाचे नाही.

हाच प्रयोग सगळीकडे का केला नाही?

काही प्रमाणात केला. श्रीलंकेने पुढे शेतकऱ्यांच्या सहभागाचे धोरण स्वीकारले. पण ३२ पोरे खेड्यात राहिली, यात फारसे पैसे खर्च होत नाहीत आणि फीत कापायला काही उभे राहत नाही. दिरंगाई मात्र भरपूर होते. कोणत्याही खात्याला हे तिन्ही नकोसे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटू नये. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांनी जवळपास हेच केले आणि २००५ मध्ये शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा राज्याचा कायदा आला. आधी टेलला पाणी, मग हेडला, हे तत्त्व आपल्याकडे कागदावर आहे. हेडला ऊस उभा असताना ते पाळून दाखवणे म्हणजे काय, हे टेलच्या माणसालाच विचारा. आणि आपल्याकडे तर दोघेही मराठीच बोलतात.

'आधी शांतता करा, मग पैसा देतो' हे चालते का?

जून २००३ मध्ये टोकियोत करून पाहिले. २००२ च्या फेब्रुवारीत युद्धविराम झाला होता, नॉर्वे मध्यस्थ होता. देणगीदारांनी चार वर्षांसाठी सुमारे ४.५ अब्ज डॉलर जाहीर केले आणि ते शांतता प्रक्रियेच्या प्रगतीशी जोडले. त्या बैठकीला लिट्टे, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारी बंडखोर संघटना, आलीच नाही. आधीच्या एका तयारी बैठकीला तिला बोलावता आले नव्हते, कारण ती वॉशिंग्टनमध्ये होती आणि लिट्टेवर अमेरिकेत बंदी होती. ज्या दोघांना बक्षीस दाखवून जवळ आणायचे, त्यातला एक मांडवात नाही!

अटींचा धाकही फार नव्हता. दर देणगीदाराची मोजपट्टी वेगळी, आणि पुढे चीनसारखा अट न घालणारा सावकारही उभा राहिला. २००६ पासून लढाई पुन्हा पेटली. मे २००९ मध्ये ती संपली ती शस्त्रांनी. शेवटच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले. श्रीलंका सरकारला हा आकडा मान्य नाही.

त्सुनामीच्या वेळी तर सगळे एक झाले होते ना?

काही दिवस झाले होते. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेत श्रीलंकेत ३० हजारांहून अधिक माणसे गेली. सगळ्यात जास्त फटका बसला अंपारा जिल्ह्याला, म्हणजे गल ओया जिथे समुद्राला मिळते तिथेच. लाटेने सिंहली, तमिळ, मुस्लिम असा भेद केला नाही.

मदत वाटायची वेळ आली तेव्हा तो भेद परत आला. जून २००५ मध्ये सरकार आणि लिट्टे यांनी संयुक्त वाटप यंत्रणेचा करार केला. त्याआधीच जनता विमुक्ती पेरामुना या पक्षाने सत्ता सोडली. पूर्व किनाऱ्यावरच्या मुस्लिमांनी विचारले की एवढे मेले तरी आमची सही कुठे आहे. आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाच्या कलमांना स्थगिती दिली. यंत्रणा उभीच राहिली नाही.

त्याच लाटेने इंडोनेशियातला आचे प्रांत उद्ध्वस्त केला होता. तिथे ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकीत सरकार आणि बंडखोरांचा करार झाला आणि टिकला. मदतीचा ओघ दोन्हीकडे आला. आचेत बंडखोर थकले होते आणि जकार्तातले सरकार स्वायत्तता द्यायला तयार होते. श्रीलंकेत दोन्ही बाजू लाटेच्या आधीपासून पुढच्या लढाईच्या तयारीत होत्या.

रवांडाचे उदाहरण का देतात?

कारण ते सगळ्यात कडू आहे. १९९४ पूर्वीचा रवांडा देणगीदारांचा लाडका होता. रस्ते, वनीकरण, पशुपालन, प्रकल्पच प्रकल्प. आणि त्याच देशात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर तो हुतू समाजाचा की तुत्सी हे छापलेले असे. बेल्जियमच्या राज्यात सुरू झालेली ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि तिच्यासाठी मदत अडली नाही. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, तेव्हा रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड बघितले जात होते.

नंतरचे तर आणखी वाईट. मारेकरी निर्वासितांसोबत सीमेपलीकडे, तेव्हाच्या झैरेतल्या गोमाच्या छावण्यांत गेले आणि तिथले अन्नवाटप आपल्या हाती घेऊन पुन्हा फौज बांधू लागले. सीमाविरहित डॉक्टर्स (एमएसएफ) या मदतसंस्थेच्या फ्रेंच शाखेने नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथून काम थांबवले. उपाशी माणसाला खाऊ घालायचे की त्याच्या आडून खुन्याला पोसायचे, अशी पाळी त्या डॉक्टरांवर आली होती. मी तिथे असतो तर काय केले असते, मला सांगता येत नाही.

भारतही मदत देतो ना?

देतो, आणि आपली मदतही निव्वळ पुण्यकर्म नसते. ३ जून १९८७ ला रामेश्वरमहून निघालेल्या मदतीच्या होड्या श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी, मिराज विमानांच्या संरक्षणात, जाफनावर सुमारे २५ टन अन्न आणि औषधे टाकली. तांदळाच्या पोत्यासोबत लढाऊ विमान आले की त्या पोत्याचा अर्थ बदलतो. जुलैअखेर भारत आणि श्रीलंकेत करार झाला, भारताची शांतिसेना गेली आणि आपले अकराशेहून अधिक जवान तिथे गमावले.

युद्धानंतरचे घरबांधणीचे काम मला त्या मानाने जास्त जमलेले वाटते. ५० हजार घरे: ४६ हजार उत्तर-पूर्वेत आणि ४ हजार चहामळ्यांच्या डोंगरी भागात. उत्तर-पूर्वेत ठेकेदार नेमण्याऐवजी घरमालकालाच साडेपाच लाख श्रीलंकी रुपये टप्प्याटप्प्याने खात्यात दिले. पाया झाला की एक हप्ता, भिंती झाल्या की पुढचा. गवंडी बघणे, वाळू आणणे, सारे घरच्यांनीच. ज्या घरात नवरा आणि मुलगा दोघेही युद्धात गेले, तिथे हे एकटीने निभावायचे म्हणजे परीक्षाच. काही कुटुंबे घर जरा मोठे घ्यायच्या नादात कर्जातही गेली. पण घर तिच्या नावावर, तिने ठरवलेल्या जागी उभे राहिले.

२०२२ मध्ये श्रीलंकेची परकीय गंगाजळी संपली, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, तेव्हाही भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचा आधार दिला. त्या संकटात जागतिक बँकेच्या अंदाजानुसार तिथली गरिबी एका वर्षात सुमारे १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेली. वांशिक दंगल मात्र झाली नाही. कोलंबोच्या किनाऱ्यावर आंदोलकांत तिन्ही समाजांची माणसे होती.

मदतीचा पैसा शस्त्रांत जातो का?

थेट क्वचितच जातो. पण शाळा आणि दवाखान्याचा खर्च बाहेरून भागला की तेवढा स्वतःचा पैसा बंदुकांसाठी मोकळा होतो. घरखर्च सासऱ्याने उचलला की जावई मोटरसायकल घेतो, त्यातलाच प्रकार.

अमेरिकेने यूएसएड बंद केले. आता?

जुलै २०२५ मध्ये ती संस्था परराष्ट्र खात्यात विरून गेली. पहिला फटका लस, औषधे आणि अन्न यांना बसला. ते लगेच दिसते. गल ओयासारखी मंद, शांत कामे आधीच कमी होती. ती थांबल्याची बातमीही होत नाही.

मला स्वतःला अशा भागात देणगी द्यायची असेल, तर काय विचारावे?

किती लोकांना वाटप केले, हे ते आपणहून सांगतील. तुम्ही विचारा: यादी कोणी केली? यादीत नसलेले लोक कोणत्या वस्तीतले आहेत? तक्रार कोणाकडे आणि कोणत्या भाषेत करता येते? स्थानिक कामगार कोणत्या समाजातले घेतले? कोऱ्या चेहऱ्याने बघितले तर थोडे थांबा. रागावले तर आणखी थांबा.

गल ओया बघायला जाता येते का?

येते. इंगिनियागलाहून जलाशयात होडीतून सफर करता येते; नशिबात असेल तर बेटांमधले पाणी पोहून ओलांडणारे हत्ती दिसतात. बहुतेक पर्यटक तिथूनच परततात. वेळ असेल तर तसेच खाली, अंपारा ओलांडून कल्मुनई-अक्करैपट्टूच्या बाजूला या. पाट्यांवरची भाषा बदलते, देवळे बदलतात, मशिदी दिसू लागतात. भाताची खाचरे मात्र दोन्हीकडे तीच असतात. एखाद्या चारीपाशी उभे राहा आणि पाणी कुठवर आले आहे ते बघा.